तीस टक्के बाकी आणि स्क्रीन काळी!

सीन ओळखीचा असेल बघा. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, क्लायंटबरोबर कॉल सुरू आहे. स्क्रीन तुमचीच शेअर केलेली. कोपऱ्यातला बॅटरीचा आयकॉन म्हणतोय, ३१ टक्के. चार्जर बॅगेत, बॅग डेस्कवर, डेस्क चौथ्या मजल्यावर आणि तुम्ही सातव्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये. ३१ टक्के म्हणजे तासभर आरामात जाईल, असा हिशेब तुम्ही मनात करून टाकलेला. आणि फट्! स्क्रीन काळी. ना वॉर्निंग, ना 'लो बॅटरी'चा मेसेज. मशीन सरळ गतप्राण.

त्यात तुम्ही उबंटू, फेडोरा किंवा मिंटवाले असाल तर शेजारी बसलेला मॅनेजर एक डायलॉग मारणारच. "तुला सांगत होतो ना, ते लिनक्स-बिनक्स सोड म्हणून." हे ऐकून मान खाली घालायची गरज नाही. या केसमध्ये लिनक्स बहुतेक वेळा आरोपी नसतं, साक्षीदार असतं. आणि साक्षीदार चांगला बोलका आहे. त्याला फक्त नीट प्रश्न विचारायला हवेत. त्यावरच ठरतं की तुम्हाला नवी बॅटरी हवी आहे, की फुकटात काम भागणार आहे.

तर सुरुवात त्या आकड्यापासून. कोपऱ्यातले '३१ टक्के' चार तोंडांतून तुमच्यापर्यंत आलेले असतात. पहिलं तोंड म्हणजे बॅटरीच्या आतच बसलेली एक चिमुकली चिप. तिला फ्यूएल गेज म्हणतात, गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखं. ती आकडा सांगते मदरबोर्डवरच्या कंट्रोलरला आणि बायोसला. बायोस तो एसीपीआय नावाच्या ठरलेल्या भाषेत लिनक्सच्या कर्नलला सांगतं. (ही भाषा इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून १९९६ साली जाहीर केली. म्हणजे लिनक्सच्या घरात बॅटरीची चर्चा ज्या भाषेत चालते, ती ठरवणाऱ्यांत मायक्रोसॉफ्टही आहे. मॅनेजरला सांगायला हरकत नाही!) कर्नलकडून आकडा जातो 'यूपॉवर' नावाच्या प्रोग्रॅमकडे, आणि यूपॉवरचं ऐकून तुमचा डेस्कटॉप आयकॉन रंगवतो. एवढ्या हातांतून गेलेली बातमी कुठेतरी फिरणारच. प्रश्न एवढाच, की कुठल्या तोंडाशी फिरली?

आता पहिल्या तोंडाकडे नीट बघू, कारण खरी भानगड बहुतेक वेळा तिथेच असते.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. झाकण बंद, आत डोकावता येत नाही. वॉचमनकडे एक वही आहे. किती पाणी चढवलं आणि किती खाली गेलं, एवढंच तो लिहितो. वजाबाकी करून तुम्हाला सांगतो, "साहेब, अजून एवढं पाणी आहे." फ्यूएल गेज नेमकं हेच करतं. बॅटरीत किती करंट शिरला, किती बाहेर गेला, याची ते सतत नोंद ठेवतं. पण टाकीच्या तळाशी दरवर्षी गाळ साचतो आणि टाकी हळूहळू लहान होत जाते. वॉचमनच्या वहीत मात्र पहिल्या पानावर टाकी बांधली तेव्हाचंच माप आहे.

मग डोकावून का बघत नाही? कारण लिथियम-आयन बॅटरीत डोकावायची एकच खिडकी आहे, व्होल्टेज. आणि ती खिडकी धुरकट आहे. एक सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो, रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास येतो. पण मधला मोठा टप्पा तो ३.६-३.७ च्या जवळपासच रेंगाळतो. ७० टक्के आहे की ४० हे त्यावरून चालत्या मशीनमध्ये छातीठोकपणे सांगता येत नाही. खात्रीचे टप्पे दोनच, अगदी भरल्यावर आणि अगदी रिकामं झाल्यावर. तिथे पोचलं की चिप आपली वही दुरुस्त करून घेते. आणि आपण काय करतो? दिवसभर चार्जर लावून बसतो. मीटिंगपुरता काढला तर ८० टक्क्यांवर पुन्हा खुपसतो. बिचाऱ्या वॉचमनला टाकीचा तळ वर्षानुवर्षं दिसतच नाही.

आता तो ३१ टक्क्यांचा हिशेब करून बघू, मजा येईल. समजा बॅटरी नवीन असताना तिची क्षमता ४८ वॉट-अवर होती. तीन वर्षांत गाळ साचून ती खरी उरली ३३. पण चिपच्या वहीत अजून ४८ च आहेत. तुम्ही ३३ वापरलेत. चिप म्हणते, ४८ वजा ३३, बाकी १५. पंधरा भागिले ४८, म्हणजे ३१ टक्के! प्रत्यक्षात टाकी ठणठणीत कोरडी. वजाबाकी चोख होती, पहिलं पानच जुनं होतं.

हे तुमच्या मशीनवर घडतंय का, हे कळायला दोन मिनिटं लागतात. विंडोजमध्ये रिपोर्ट वगैरे काढावा लागतो. लिनक्समध्ये बॅटरीचा सगळा संसार एका फोल्डरमध्ये उघड्यावर मांडलेला असतो. फोनवरून मित्राला सांगतो तसं सांगतो: स्लॅश सिस, स्लॅश क्लास, स्लॅश पॉवर अंडरस्कोर सप्लाय, स्लॅश बॅट झीरो. (काही मशीनवर बॅट वन असतं.) टर्मिनल उघडून 'सीडी' करून आत शिरा, 'एलएस' करा. समोर येतील त्या सगळ्या साध्या मजकुराच्या फायली. 'कॅट' करून कुठलीही वाचा. काही बिघडत नाही, नुसतं वाचायचंय.

पहिली फाइल बघायची ती 'कपॅसिटी'. त्यात असतो कर्नलला माहीत असलेला टक्का. तो कोपऱ्यातल्या आयकॉनशी ताडून बघा. अर्ध्या-एक मिनिटाचा उशीर चालतो, कारण यूपॉवर थोड्या थोड्या वेळाने विचारत असतं. पण फाइल म्हणतेय ५२ आणि आयकॉन तासभर ८७ वरच ठाण मांडून बसलाय, तर लोचा वरच्या दोन तोंडांत आहे. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये. यूपॉवर ही सर्व्हिस रीस्टार्ट करा, डेस्कटॉपमधून लॉगआउट होऊन परत या, अपडेट्स थकलेले असतील तर टाकून घ्या. खर्च शून्य. ही केस सगळ्यात सोपी. दुर्दैवाने तितकीच कमी वेळा भेटते.

फाइल आणि आयकॉन एकच आकडा सांगत असतील आणि तरीही मशीन मध्येच मरत असेल, तर लिनक्सवरची केस इथेच डिसमिस. बातमी खालूनच चुकीची येतेय. मग दोन फायली शेजारी शेजारी ठेवून बघा, 'एनर्जी फुल डिझाइन' आणि 'एनर्जी फुल'. शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर आहेत, हे आता सांगायला नको. पहिली म्हणजे बॅटरी जन्माला आली तेव्हाची क्षमता, दुसरी म्हणजे चिपच्या मते आजची. आकडे भलेमोठे दिसतील, कारण ते वॉट-अवरच्या दहा लाखाव्या भागात असतात. मागची सहा शून्यं झाका, ४८००००००चे ४८ होतात. काही मशीन एनर्जीऐवजी 'चार्ज' नावाच्या फायली देतात, म्हणजे अँपिअर-अवरमध्ये. गुणोत्तर तेच निघतं.

टर्मिनलची ॲलर्जी असेल तर नोममध्ये 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' नावाचं छोटं ॲप टाकता येतं, केडीईवाल्यांना 'इन्फो सेंटर'मध्ये हेच दिसतं. फक्त एक खड्डा सांभाळा. कर्नलच्या फायलीत 'कपॅसिटी' म्हणजे आत्ता किती टक्के चार्ज आहे. यूपॉवरच्या भाषेत 'कपॅसिटी' म्हणजे बॅटरीची तब्येत, म्हणजे आजची क्षमता भागिले मूळ क्षमता. शब्द एकच, अर्थ दोन. यूपॉवरची 'कपॅसिटी ६९ टक्के' बघून "अरे, चार्ज पूर्ण होत नाहीये" असं म्हणत चार्जर बदलायला निघालेले लोक असतात. चार्जर निर्दोष आहे हो!

आता दोन शक्यता. नीट वाचा, पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

मशीन तीन वर्षांचं आणि दोन्ही फायलींत आकडा अगदी सेम, ४८ आणि ४८? आनंदाने नाचू नका. तीन वर्षं रोज राबून टाकीत गाळच साचला नाही, असं होत नाही. चिपने पहिलं पान कधी बदललेलंच नाही. इथे कॅलिब्रेशनने फरक पडू शकतो.

पण चिप प्रामाणिकपणे म्हणतेय की मूळ ४८, आज ३३, आणि तरीही ३१ टक्क्यांना मशीन धाडकन जातं? मग प्रकरण वेगळं. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. शांतपणे टायपिंग करत असाल तोवर ती तग धरते. व्हिडिओ कॉल सुरू झाला, फॅन घुमायला लागला, एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. टाकीत पाणी आहे, पण पाइप चोंदलाय. सगळे नळ एकदम उघडले की धार गायब. हे पकडायचं असेल तर त्याच फोल्डरमधली 'व्होल्टेज नाऊ' फाइल बघा. एकापुढे एक तीन सेल जोडलेली बॅटरी असेल तर ती पूर्ण भरल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि ९ च्या आसपास तिचा दम संपतो. ४० टक्के चार्जवर एखादा जड व्हिडिओ लावा आणि पुन्हा वाचा. आकडा थोडासा उतरला तर ठीक. चांगला एक-दीड व्होल्टने बसला आणि व्हिडिओ बंद करताच परत वर आला, तर निदान झालं. अशा बॅटरीला कितीही वेळा कॅलिब्रेट करा, काही होणार नाही. नवीन घ्या.

कॅलिब्रेशनबद्दल लोकांच्या डोक्यात बराच गोंधळ आहे, तोही मिटवून टाकू. दर महिन्याला बॅटरी पूर्ण उतरवावी, म्हणजे ती 'विसरत' नाही, हा सल्ला अजून फिरतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बाजारात आणली आणि लॅपटॉप हळूहळू तिच्याकडे वळले. सल्ला मात्र काकांकडून पुतण्याकडे तसाच चालत आला. लिथियमला असली विस्मृती नसते. उलट पूर्ण उतरवणं तिला त्रासदायकच असतं. कॅलिब्रेशनने क्षमता एका थेंबानेही वाढत नाही. फक्त वॉचमनची वही दुरुस्त होते. म्हणून वर्षातून एकदा-दोनदा, तेही आकडा खरंच फिरलेला असेल तरच. (लोडशेडिंगच्या जमान्यात हे काम वीज मंडळ परस्पर करून टाकायचं. आठवड्यातून एकदा तरी लॅपटॉप पार झोपायचाच.)

करायचंच ठरलं तर सुट्टीचा दिवस पकडा. चार्जिंगवर ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली असेल तर ती आधी काढा. शंभरपर्यंत भरू द्या आणि नंतरही तास-दोन तास चार्जरवरच ठेवा. मग चार्जर काढून हलकंफुलकं काम करत बॅटरी उतरवा. १० टक्क्यांवर आलात की सगळं सेव्ह करा, मशीन रीस्टार्ट करा आणि बायोसच्या सेटिंगच्या स्क्रीनवर तसंच सोडून द्या. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम चालूच नसते, त्यामुळे मध्येच कोणी शटडाउन करत नाही आणि फायली अर्धवट लिहिल्या जाण्याची भीतीही नाही. मशीन आपोआप बंद पडलं की तीन-चार तास हात लावू नका. त्यानंतर मध्ये न थांबता पुन्हा शंभर टक्के. थिंकपॅडवाल्यांची मात्र ऐश आहे. 'टीएलपी' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं की 'टीएलपी रीकॅलिब्रेट' अशी एकच कमांड असते. चार्जर लावलेला असतानाच ते बॅटरी मुद्दाम उतरवतं आणि परत भरतं. सकाळी लावा, सिनेमा बघून या. नंतर 'एनर्जी फुल' पुन्हा वाचा. ४८ चे ३३ झालेले दिसले तर वाईट वाटेल, पण आकडा आता खरा बोलतोय.

थिंकपॅडचा विषय निघालाच आहे तर त्याची एक वेगळी गंमत. आयटी कंपन्यांतून निवृत्त होऊन सेकंडहँड बाजारात येणारे आणि लिनक्सवाल्यांचे लाडके असलेले टी४८० सारखे मॉडेल घ्या. यात बॅटऱ्या दोन. एक आत, २४ वॉट-अवरची, ती बॅट झीरो. दुसरी मागून काढता-घालता येणारी, ती बॅट वन. मशीन आधी बाहेरची संपवतं, मग आतलीला हात घालतं. आयकॉन दोघींची बेरीज दाखवतो. आता बाहेरची ४८ ची असेल तर ती संपते तेव्हा उरलेले २४ भागिले ७२, म्हणजे ३३ टक्के दिसणार. आतली बॅटरी खरं तर कधीच गेलेली असेल आणि तिची चिप तरीही २४ च सांगत असेल, तर ३३ च्या जरा खाली मशीन आडवं. लक्षणं तीच, पण यात बिघडलीय ती आतली, जिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. लोक भांडतात मात्र बाहेरच्या बॅटरीशी. म्हणून दोन्ही फोल्डर वेगवेगळे वाचायचे.

आणि कधी कधी मधलं तोंडही गंडतं, त्याचा नमुना म्हणून हा किस्सा ऐकाच. २०१०-११ च्या काही थिंकपॅडमध्ये बायोस बॅटरीचे आकडे कधी वॉट-अवरमध्ये द्यायचं, तर कधी अँपिअर-अवरमध्ये. लॅपटॉप बॅटरीवर चालतोय की चार्जरवर, त्यानुसार एकक बदलायचं! किलोत भाजी मागावी आणि भाजीवाल्याने मध्येच लिटरमध्ये मोजायला लागावं, तसं. लिनक्सच्या कर्नलमध्ये या मॉडेल्ससाठी खास दुरुस्ती लिहिली गेली. ती आकडे ओळखून डिझाइन व्होल्टेजच्या हिशेबाने पुन्हा नीट बसवते. चूक बायोसची आणि निस्तरली कर्नलवाल्यांनी. असे उद्योग आजही होतात, म्हणून कर्नल आणि बायोस दोन्हींचे अपडेट्स लांबवू नका. बायोसचे अपडेट आता बऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर लिनक्समधूनच टाकता येतात.

ज्या गोष्टींना लोक बिघाड समजतात आणि जो बिघाड नसतो, त्या दोन पटकन उरकतो. पहिली, 'इतके तास बाकी' हा आकडा. तो म्हणजे उरलेली ऊर्जा भागिले या क्षणी चाललेला खर्च, त्याहून जास्त काही नाही. ३३ वॉट-अवर बाकी आहेत आणि तुम्ही ६ वॉटवर शांतपणे मेल लिहिताय, तर साडेपाच तास. व्हिडिओ कॉलला बसलात, खर्च १८ वॉट झाला, तर पावणेदोन तासांच्या आसपास. पुण्याहून निघताना 'मुंबई दोन तास' म्हणणारी कॅब चेंबूरला पोचल्यावरही 'अजून एक तास' म्हणते, तसाच प्रकार. खर्चाची फाइल 'पॉवर नाऊ' नावाने त्याच फोल्डरमध्ये आहे. कुठला प्रोग्रॅम किती खातोय हे बघायचं असेल तर 'पॉवरटॉप' टाका. दुसरी, चार्जिंग ८० वर अडकणं. केडीई प्लाझ्मामध्ये २०२० पासून आणि नोममध्ये २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीपासून बॅटरीचं आयुष्य वाढवण्यासाठी मर्यादा लावायची सोय आहे, अर्थात मशीनने साथ दिली तर. दिवसभर डेस्कवर चार्जर लावून बसणाऱ्यांनी ती जरूर लावावी. लिथियमला सतत काठोकाठ भरलेलं राहणं आवडत नाही आणि त्यावर उष्णता म्हणजे डबल मार. गादीवर लॅपटॉप ठेवून वेब सिरीज बघणं हा बॅटरी लवकर मारायचा खात्रीचा उपाय आहे.

समजा निदान झालं, बॅटरी म्हातारी आहे, पण पगार अजून पंधरा दिवस लांब आहे. तोवर काय? यूपॉवरला सांगून ठेवा की आकड्यावर फार विश्वास ठेवू नकोस. त्याची सेटिंगची फाइल 'स्लॅश ईटीसी'मध्ये 'यूपॉवर'च्या फोल्डरात असते. त्यात तीन टक्के ठरवलेले असतात: 'लो', 'क्रिटिकल' आणि 'ॲक्शन'. ॲक्शन मुळात २ टक्क्यांवर असते, म्हणजे मशीनला सुखरूप बंद करायची वेळ दोन टक्के उरल्यावर येते. तुमची बॅटरी ३१ ला मान टाकते ना? मग लो ४५, क्रिटिकल ४०, ॲक्शन ३५ करा. सर्व्हिस रीस्टार्ट करा. आकडे उतरत्या क्रमातच हवेत. क्रम चुकला तर यूपॉवर तिन्ही आकडे गुपचूप बाजूला ठेवून मूळ आकडे वापरतं आणि तुम्ही निर्धास्त राहता. शेवटची कृती म्हणून हायबरनेटपेक्षा 'पॉवरऑफ' ठेवा. उबंटूत हायबरनेट सहसा सेट केलेलं नसतं. त्याच फाइलमध्ये वेळेऐवजी टक्क्यांवर निर्णय घेण्याचा पर्याय आहे, तो 'ट्रू'च राहू द्या. २००० च्या दशकात नोमचा पॉवर मॅनेजर उरलेल्या वेळेवर निर्णय घ्यायचा आणि वेळेचा अंदाज गंडला की चार्जर काढल्या काढल्या भरल्या बॅटरीनिशी मशीन बंद व्हायचं. टक्क्यांची बाजू घेताना यूपॉवरच्या लेखकांनी फाइलमध्येच एक मार्मिक टीप लिहिलीय. आता बॅटरी जाणार म्हणून माणूस घाईघाईने फायली सेव्ह करत सुटला की त्यानेच बॅटरी आणखी लवकर संपते, अशा अर्थाची.

एका लक्षणावर मात्र यातलं काहीच करायचं नाही. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय? बॅटरी फुगलीय. फायली वाचत बसू नका. कॅलिब्रेशन तर अजिबात नको. चार्जर काढा, मशीन बंद करा, सर्व्हिस सेंटर गाठा. टोचून बघणं, दाबून बसवणं, 'अजून दोन दिवस चालेल' म्हणणं, सगळं बंद. लिथियमची आग साधी नसते. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेऊन मार्गी लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा नवीन घेताना जुनी तिथेच विचारून द्या.

नवीन बॅटरी, किंवा अख्खा सेकंडहँड लॅपटॉपच घ्यायला लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या तशाच गल्लीत जाणार असाल, तर खिशात उबंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह ठेवा. हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरून मशीन सुरू होतं. दुकानदार म्हणेलच, "साहेब, बॅटरी एकदम ओके, तीन तास बॅकअप." हसून मान डोलवा आणि तेच फोल्डर उघडा. 'एनर्जी फुल'ला 'एनर्जी फुल डिझाइन'ने भागा. 'सायकल काउंट' बघा, तिथे शून्य असेल तर फार हुरळू नका. बरीच मशीन ही माहिती देतच नाहीत आणि काही डुप्लिकेट बॅटऱ्या कायम शून्यच सांगतात. चार वर्षं जुन्या मशीनवर डिझाइन आणि फुल हुबेहूब सारखे दिसले तर बॅटरी नुकतीच बदलली आहे का, हे सरळ विचारा. मग चार्जर काढायला सांगा, फुल स्क्रीन व्हिडिओ लावा आणि 'व्होल्टेज नाऊ' दर दोन मिनिटांनी वाचत राहा. दुकानातला कटिंग संपेपर्यंत सगळे आकडे तुमच्या हातात असतात. किंमत त्यानंतर बोलायची.